दवंडीतले नाव



गावात दवंडी पिटली जायची तेव्हा आवाज कोतवालाचा असे, पण शब्द कोणाचा हे त्या दवंडीतच आलेले असे. तहसीलदाराचा हुकूम असेल तर तसे, ग्रामपंचायतीची सूचना असेल तर तसे. ऐकणारा त्यावरून ठरवी, की हे मनावर घ्यायचे की सोडून द्यायचे. झाडीपट्टीच्या रंगभूमीनेही ही रीत सांभाळली आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथल्या नाट्यमंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव निघतात, मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते, आणि मंचावरून बक्षीस जाहीर होते तेव्हा रकमेबरोबर देणाऱ्याचे नाव येतेच. कायदाही याच वाटेने गेला. 1867 च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालायला लावले. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 127-अ निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता मागते. चार लोकांत बोलणाऱ्याने आपण कोणाच्या वतीने बोलतो ते सांगावे, एवढी साधी अपेक्षा या सगळ्यामागे आहे. आज ती अपेक्षा सर्वांत जास्त मोडते ती आपल्या हातातल्या फोनवर, व्हिडिओंच्या संकेतस्थळांवर. म्हणून गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जंगल जिल्ह्यांतून पाहिले तर हा प्रश्न कसा दिसतो, ते मला आज मांडायचे आहे.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 रोजी चढला. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेबद्दल दोन शब्द बोलतो, एवढाच तो 19 सेकंदांचा. त्यात कोणी काही विकत नव्हते. (आपल्या कमलापूरच्या हत्तीकॅम्पवर आज जे असंख्य व्हिडिओ निघतात, त्यांतले बरेचसे याच निर्मळ जातीचे आहेत, हे मुद्दाम नोंदवतो.) पुढच्या वीस वर्षांत या जागेवर पैसा आला आणि तो निरनिराळ्या वाटांनी आला. व्हिडिओच्या आधी किंवा मध्येच जी जाहिरात लागते ती उघड असते. ती वगळायची कळ शोधणाऱ्या लहान मुलालाही ती जाहिरात आहे हे कळते. माझा रोख तिच्याकडे नाही. माझा रोख त्या बोलण्याकडे आहे जे मैत्रीच्या सुरात येते, ‘मी हे वापरतो’, ‘मी इथे राहिलो’, ‘मला याचा गुण आला’ असे म्हणते, आणि त्यामागे रोख रक्कम, फुकट वस्तू, फुकट मुक्काम किंवा विक्रीमागे मिळणारे कमिशन असते. विकणे हा गुन्हा नाही, स्तुती करणे हाही नाही. पण विकत घेतलेली स्तुती स्वतःच्या अनुभवाच्या वेषात आली की ऐकणाऱ्याच्या हातून एक साधन काढून घेतले जाते. बोलणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हे मोजण्याचे ते साधन. व्हिडिओतला शब्दन्‌शब्द खरा असला तरी हे नुकसान होतेच, आणि वादात नेमकी हीच गोष्ट निसटते. आपण खरे-खोटे शोधत बसतो, पैसा कोणाचा हे विचारायचे राहून जाते.

ताडोबाकडे पाहिले की हे स्पष्ट होते. ताडोबा हे 1955 साली झालेले महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. आज अंधारी अभयारण्य धरून व्याघ्रप्रकल्पाचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे आणि भोवतीचा बफर सुमारे 1,100. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांच्या आसपास रिसॉर्ट उभे राहिले आणि वाघ पाहायला येणाऱ्यांचा ओघ देशभरातून लागला. हा ओघ आणण्यात व्हिडिओंचा वाटा मोठा आहे. इथल्या वाघांना नावे मिळाली ती पर्यटकांच्या आणि कॅमेऱ्यांच्या बोलण्यातून. माया नावाची वाघीण तर जिल्ह्याची ओळखच होऊन बसली होती. 2023 च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली, तेव्हा तिला कधी प्रत्यक्ष न पाहिलेले लोकही हळहळले. ही व्हिडिओंची जमेची बाजू आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. पण एखाद्या रिसॉर्टने मुक्काम फुकट दिला, जिप्सीचे आणि प्रवेशाचे पैसे भरले आणि बदल्यात दहा मिनिटांचा व्हिडिओ मागितला, तर त्या व्हिडिओत काय दिसेल? पहाटेचे धुके दिसेल, रस्त्यावर चालत येणारी वाघीण दिसेल, चाकांजवळून जाणारे बछडे दिसतील. रिकाम्या हाताने परतलेली सफारी त्यात येणार नाही. तशा सफारी ताडोबातही होतात, आणि जंगलाचा तो नेहमीचा धर्म आहे. यातले एकही दृश्य खोटे नाही. तरी पाहणाऱ्याच्या मनात एक हमी तयार होते, की पैसे भरले म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे, आणि जवळून दिसला पाहिजे. ती हमी घेऊन तो जिप्सीत बसतो, आणि तिचा सगळा भार गाईड आणि ड्रायव्हर या दोन स्थानिक पोरांच्या खांद्यावर येतो.

पुढे काय घडते ते आपण पाहिले आहे. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 ही वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली, गाईड आणि ड्रायव्हर निलंबित झाले, दंड झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या प्रकरणात निर्देश देताना व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला मनाई केली. न्यायालयांनी केले ते योग्यच. तरीही या साखळीतला एक दुवा कोणाच्या हाती लागलेला नाही. शिक्षा झाली ती जिप्सी हाकणाऱ्याला. हमी विकणारा मोकळाच राहिला, कारण त्याने हमी लेखी कुठे दिली नव्हती, दुसऱ्याच्या तोंडून फक्त सुचवली होती. आणि त्याच जंगलाची दुसरी बाजू या प्रायोजित दृश्यांत कधी येत नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. मोहफुले, तेंदू, सरपण यांच्यासाठी पहाटे जंगलात शिरणाऱ्या माणसाला वाघ कसा दिसतो, याचा व्हिडिओ करायला कोणी मुक्काम फुकट देत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की कऱ्हांडल्याचा प्रकार उघडकीला आला तोही व्हिडिओमुळेच. 2024 च्या आरंभी निमढेला बफरमध्ये भानुसखिंडी वाघिणीचा बछडा प्लास्टिकची बाटली तोंडात धरून जाताना दिसला, त्या चित्रफितीने जंगलातल्या कचऱ्याबद्दल जी जाग आणली ती शंभर फलकांना जमली नसती. मग व्हिडिओला दोष का? आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. बाटलीच्या त्या दृश्याला धार आली, कारण त्यामागे विकणारा कोणी नव्हता. हा विश्वास गावाच्या तळ्यासारखा सामाईक असतो. एकेक प्रायोजित व्हिडिओ गुपचूप त्यातून उपसा करतो, आणि तळे आटले की खऱ्या साक्षीदारालाही कोणी विचारत नाही. 2025 च्या अखेरीला ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसाला वाघ ओढून नेतो, असा सीसीटीव्हीच्या धाटणीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता, असे काही घडलेच नव्हते, आणि वनविभागाला खुलासा करावा लागला. ज्या तालुक्यात वाघाने माणसे खरोखर मारली आहेत तिथे असा व्हिडिओ पसरणे ही क्रूर गोष्ट आहे. उद्या खऱ्या हल्ल्याची चित्रफीत आली तर ‘बनावट असेल’ म्हणून लोक दुर्लक्ष करतील, ही भीती मला त्याहून मोठी वाटते.

आता गडचिरोलीकडे येऊ. लपवण्याची दुसरी तऱ्हा इथे दिसते. ताडोबाच्या उदाहरणात वस्तू समोर असते आणि पैसा लपतो. इथे पैसा आणि नाव दोन्ही समोर असतात, लपते ती वस्तूच. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती वरून आलेली नव्हती. बायांनी आणि गावांनी काही वर्षे नेट धरून ती मिळवली. 2016 पासून मुक्तिपथ अभियानातून दारूबरोबर तंबाखूविरुद्धही गावागावांत काम सुरू झाले. तंबाखूचे इथले रूप म्हणजे खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला. तो पानठेल्यावर मिळतो, खिशात राहतो, पाहुण्यापुढे केला जातो, आणि शाळकरी पोरांपर्यंत पोचला आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तंबाखूच्या जाहिरातीला 2003 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 दारू पिण्याचे आवाहन करणाऱ्या जाहिरातीला आडवा येतो. म्हणजे कागदावर तटबंदी पक्की आहे. पण 1949 च्या कायद्यापुढे वर्तमानपत्र होते, भिंत होती, फलक होता. फोनवर येणारी जाहिरात म्हणते विलायची, म्हणते सोडा, म्हणते संगीताच्या सीडी. त्यावरचे नाव, रंग, अक्षरांचे वळण आणि नायकाचा रुबाब मात्र त्याच मालाचा असतो. जाहिरातीच्या बाजारात याला सरोगेट जाहिरात म्हणतात. आपल्या भाषेत ही आडून केलेली जाहिरात आहे. 2021 च्या ऑक्टोबरात अमिताभ बच्चन यांनी पानमसाल्याच्या एका छापाशी असलेला करार सोडला. 2022 च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमार यांनी विलायचीच्या जाहिरातीतून माघार घेत जाहीर माफी मागितली. विलायचीच विकायची असती तर माफी कशाला लागली असती? पाहणाऱ्यांना सगळे कळले होते, आणि करणाऱ्यांनाही. सरकारने सप्टेंबर 2023 पासून ओटीटीवरच्या मालिका-चित्रपटांत तंबाखूविरोधी सूचना बंधनकारक केल्या. पण पानठेल्यासमोर उभे राहून कोणी रील करतो आणि त्यात तो छाप लाडाने मिरवतो, तेव्हा तो त्या नियमाच्या कक्षेत येत नाही. गावाने ठराव करून दुकान बंद केले, आणि दुकानाची पाटी मात्र घराघरात, प्रत्येक उशीजवळ पोचली.

इथे कोणी विचारील, की बोलण्याच्या स्वातंत्र्याचे काय? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो. 1995 मध्ये टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी अभिव्यक्ती संविधानाच्या कलम 19(1)(अ) च्या संरक्षणात येते असे म्हटले. पण त्याच निकालात दोन गोष्टी आणखी आहेत. फसव्या जाहिरातीला हे संरक्षण नाही, आणि हा हक्क जसा बोलणाऱ्याचा तसा माहिती मिळवणाऱ्या जनतेचाही आहे. माझे सारे म्हणणे या दुसऱ्या अर्ध्यावर उभे आहे. ऐकणाऱ्याचा हक्क मान्य केला की पैसा कोणाचा हे कळण्याचा हक्क त्यातून आपोआप निघतो. भारतीय कायदा इथवर येऊनही पोचला आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून 2021 पासून इन्फ्लुएन्सरांसाठी नियम लागू केले. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आली. फसव्या जाहिरातीसाठी पहिल्या खेपेला 10 लाख, पुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि शिफारस करणाऱ्याला एक ते तीन वर्षे शिफारशीची बंदी होऊ शकते. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने काढलेल्या पुस्तिकेत तर फुकट वस्तू, सहली, हॉटेलातला मुक्काम हे सगळे आर्थिक संबंधात मोजले आहे. तीच पुस्तिका म्हणते, की हा संबंध शिफारशीच्याच भाषेत सांगावा, व्हिडिओखालच्या वर्णनात दडवू नये, आणि व्हिडिओत तो दिसावा तसा ऐकूही यावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही कानावर तो पडला पाहिजे. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. दिल्लीतल्या एका विभागाने नकळत आपली दवंडीच पुन्हा सांगितली आहे.

मग अडते कुठे? सगळा बोजा बोलणाऱ्या एकट्या माणसावर टाकला आहे, इथे. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना ‘यात सशुल्क प्रचार आहे’ अशी एक चौकट असते. ती खुणावली तर सुरुवातीला काही सेकंद सूचना दिसते. खुणावली नाही तर सहसा कोणी विचारत नाही. गूगलने 2023 मध्ये जाहिरातींचे सार्वजनिक दालन उघडले, पण त्यात कंपनीमार्फत दाखवलेल्या जाहिराती येतात, व्हिडिओकर्त्याला परस्पर पैसे देऊन वदवून घेतलेले शब्द येत नाहीत. असे वदवून घेणे किती दूर जाऊ शकते याचा दाखला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या मार्च 2023 च्या आदेशात आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचा शेअर वर चढवण्यासाठी यूट्यूबवर खोट्या माहितीचे व्हिडिओ टाकले गेले, आणि पैसे मोजून त्यांचा प्रसार केला गेला. भाव वाढला, छोटे गुंतवणूकदार शिरले आणि आतले लोक शेअर विकून बाहेर पडले. शेअर बाजाराला सेबी आहे म्हणून हे निदान बाहेर आले. खर्ऱ्याला, रिसॉर्टला, गुडघेदुखीच्या तेलाला तशी सेबी नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांबाबत संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून खेळाबरोबर त्याच्या जाहिरातीलाही तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. ती वेळ आली, कारण त्याआधीची कित्येक वर्षे रमीचे आणि सट्ट्याचे प्रचारक गावागावांतल्या पोरांच्या फोनवर मोकळे फिरत होते. मनाई करावी लागणे हे नियम उशिरा जागा झाल्याचे लक्षण आहे.

एक आक्षेप मला खरोखर जड जातो. झाडीपट्टीचा एखादा नट, माडिया-गोंडी गाणी करणारी एखादी पोरगी, ताडोबाचा एखादा गाईड स्वतःचे चॅनल चालवतो. यूट्यूबच्या जाहिरातींतला पूर्ण वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे पाहणे लागते, किंवा शॉर्ट्सची त्याहून मोठी अट. लहान भाषेच्या लहान चॅनलला हा उंबरठा ओलांडणे कठीण, म्हणून त्याला गावातल्या मोबाइल दुकानाचा किंवा ढाब्याचा प्रचार करून चार पैसे मिळवावे लागतात. त्याच्यावर नियमांचा बडगा उगारायचा का? नाही. पण नाव सांगायला त्याला एक पैसाही लागत नाही. त्याच्याच मंडळीत, त्याच्याच मंचावर देणाऱ्याचे नाव मोठ्याने घेतले जाते आणि त्याने नाटकाला कमीपणा येत नाही. दंडाचा बोजा पैसा देणाऱ्यावर आणि तो पसरवून कमावणाऱ्या संकेतस्थळावर पडावा, व्हिडिओकर्त्यावर शेवटी. आज हा क्रम नेमका उलटा आहे, कऱ्हांडल्याच्या जिप्सीवाल्यासारखा.

राहिला शेवटचा आक्षेप, की बंद्या टिकत नाहीत. चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी आली, अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन 2021 मध्ये ती उठली. मग जाहिरातीची बंदी काय टिकणार? गडचिरोलीतही अवैध दारू आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गडचिरोलीची बंदी तीस वर्षे उभी आहे, कारण गावागावांत ती राखणारे लोक आहेत. नुसता कायदा लटका पडतो, नुसती जागृती थकते. म्हणून मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचा अभ्यासगट आठवतो. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव येते. 2011 मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्याने मिळवला. पण त्याआधी कितीतरी वर्षे तिथले लोक बसून कायदा वाचत होते, त्यावर बोलत होते आणि सर्वसहमतीनेच निर्णय घेत होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. अशा अभ्यासगटात महिन्यातून एकदा फोनवरचे चार व्हिडिओ सर्वांसमोर लावून, हे कोणाच्या पैशाने बोलत आहेत, असा प्रश्न विचारता येईल. ज्याचे उत्तर सापडणार नाही त्याची तक्रार ग्राहक हेल्पलाइन 1915 वर करता येते, जाहिरात मानक परिषदेकडेही करता येते. अशी तक्रार ग्रामसभेच्या ठरावासह गेली तर तिचे वजन वेगळे पडेल. आणि संकेतस्थळांकडे एक मागणी करायला हवी: गडचिरोली आणि वर्धा या दारूबंदीच्या जिल्ह्यांत दारूच्या छापांची आडून येणारी जाहिरात दाखवू नका. जिल्हा पाहून जाहिरात लावण्याची सोय तुम्ही जाहिरातदाराला आधीच विकत आहात, तीच सोय उलट्या बाजूने वापरायला नवे यंत्र लागत नाही.